निरमाचा पुडा की निरम्याचा?

पंचवटीतल्या एका ताईंचा प्रश्न आहे. त्यांच्या सासूबाई कुठल्याही कंपनीची धुण्याची पावडर आणायची असली तरी 'निरम्याचा पुडा आण' म्हणतात. मुलगा त्यांना दुरुस्त करतो, 'आजी, निरमाचा म्हण'. बरोबर कोण? आणि हा शब्द 'निर्मळ'वरून आला का?

ताई, सासूबाई अगदी बरोबर बोलतात.

आधी व्युत्पत्ती. 1969 साली अहमदाबादेत करसनभाई पटेल या सरकारी नोकरीतल्या रसायनतज्ज्ञाने घरीच पिवळी पावडर बनवली आणि सायकलवरून दारोदार विकली. तीही स्वस्तात. सर्फ 1959 पासून बाजारात होतं, पण ते बेताच्या मिळकतीच्या घरांना परवडत नसे. करसनभाईंनी पावडरीला मुलीचं नाव दिलं. ती निरुपमा, घरात निरमा. म्हणजे मूळ 'निर् + उपमा', जिला उपमा नाही ती. 'निर्मळ' म्हणजे 'निर् + मळ'. दोन्हींत 'निर्' तेवढा सारखा, बाकी नातं नाही. तरी कपड्यांचा मळ काढणाऱ्या वस्तूच्या नावात मराठी कानाला 'निर्मळ' ऐकू यावा, हे मला फार गोड वाटतं.

आता सामान्यरूप, खरी गंमत इथे आहे. सीमा, रमा ही मुलींची नावं प्रत्यय लागताना बदलत नाहीत: सीमाचा, रमाला. तसंच मुलीचं नाव म्हणून 'निरमाचा' योग्य. पण आकारान्त पुल्लिंगी वस्तुवाचक नामाला 'या' लागतो: पंखा-पंख्याचा, डबा-डब्यात, धुण्याचा सोडा-सोड्यात. निरमा घरात आला तो मोरीच्या फळीवर या सोड्याशेजारीच बसला (त्यात सोड्याचं प्रमाणही भरपूर) आणि सोड्याच्याच वळणाने चालू लागला. 'निरम्यात भिजव', 'निरम्याचं पाणी'. डालड्याचं आधी हेच झालं होतं. तेही मुळात एका ब्रँडचं नाव, पण आपण 'डालड्याचा डबा'च म्हणतो. विशेषनामाचं सामान्यनाम झालं याची इतकी स्वच्छ खूण व्याकरणात क्वचितच सापडते. नातू कंपनीचं नाव घेतो आहे, आजी वस्तूचं.

हा शब्द मोरीपुरताही राहिला नाही. निफाडकडे कांद्यावर निंबोळी अर्क फवारताना त्यात 'थोडा निरमा' घालतात. कांद्याच्या पातीवर मेणाचा थर असतो, त्यावरून नुसत्या पाण्याचा थेंब घरंगळतो. निरम्याने तो पसरून चिकटतो. तिथे पुड्यावर काय छापलंय ते कोणी पाहत नाही.

पुस्तकी मराठीत डिटर्जंटला 'अपमार्जक' म्हणतात. शब्द जड, पण त्यातला 'मृज्', म्हणजे पुसणं, घासणं, हा धातू आपल्या ओळखीचा आहे. गौरी-गणपतीच्या पत्रीत आपण आघाडा आणतो ना? त्याचं संस्कृत नाव अपामार्ग, तेही याच 'मृज्'चं. त्याच्या राखेतून क्षार काढतात.

तेव्हा कंपनीबद्दल लिहायचं असेल तर 'निरमाचा', पुडा मागायचा असेल तर खुशाल 'निरम्याचा'. लिंगाचं मात्र अजून ठरलेलं नाही. 'निरमा संपला' म्हणणारेही आहेत आणि मनात पावडर धरून 'निरमा संपली' म्हणणारेही. सासूबाई काय म्हणतात ते जरूर कळवा.