दुब्रोव्हनिकला पहिल्यांदा जाताय? मग जुन्या शहराच्या तटबंदीपासून सुरुवात करा

क्रोएशिया २०२३ पासून शेंगेनमध्ये, म्हणजे एकच व्हिसा चालणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात आहे, त्यामुळे शेंगेन व्हिसा असला की वेगळा व्हिसा काढायची भानगड नाही. चलनही युरोच. राहायला मात्र शक्यतो तटबंदीबाहेर बघा. आत गाड्या जात नाहीत, आणि चाकांची बॅग दगडी पायऱ्यांवरून ओढताना सगळी हौस फिटते.

तटबंदीवरची फेरी साधारण १९४० मीटरची, एकाच दिशेने. पिले या जुन्या शहराच्या दरवाजाशी सकाळी उघडताक्षणी हजर राहा. उशीर केलात तर क्रूझची गर्दी आणि डोक्यावर ऊन, वर सावली जवळपास नाहीच. बाटली दरवाजाच्या आतल्या ओनोफ्रिओच्या कारंज्यावर भरून घ्या, पाणी पिण्याचं आहे. मिंचेता बुरुजावर दमलात तरी चढाच. तिथून कौलं नीट बघा: फिकट ती जुनी, भडक नारिंगी ती बहुतेक १९९१-९२ च्या युद्धातल्या तोफमाऱ्यानंतर घातलेली. हे माहीत नसलं की नुसतं ‘काय सुंदर छपरं’ एवढंच होतं. तिकीट जपून ठेवा, त्यावर लोव्ह्रियेनात्स किल्लाही बघता येतो.

शाकाहारी असाल तर काळा रिसोटो टाळा, तो रंग माकुळाच्या शाईचा. ‘ब्लित्वा’ मागा, म्हणजे बटाटा घातलेली पालेभाजी. स्त्रादुन या मुख्य रस्त्यावर जेवू नका. मागच्या गल्ल्यांत बघा.