पोकळ्या आणि थरांची पकड
वडोदऱ्याच्या पावसाळी हवेत आपण कार्बन फायबरचे प्रीप्रेग (रेझिन, म्हणजे तापवल्यावर घट्ट होणारी राळ, आधीच मुरवलेले कापड) हाताळणार असाल, तर −१८ अंश सेल्सिअसच्या फ्रीझरमधून काढलेला रोल खोलीच्या तापमानाला येईपर्यंत त्याची पिशवी उघडू नये. कारण गार कापडावर धरलेला ओलावा रेझिन तापताना वाफ होऊन थरांमध्ये पोकळ्या करतो. तंतूंच्या दिशेतील ताणशक्ती या पोकळ्यांनी फारशी ढळत नाही, आणि नवशिका नेमका तिथेच फसतो (मीही फसलो होतो). थरांमधली कर्तनशक्ती (थर एकमेकांवरून घसरू न देणारी पकड) मात्र, पोकळ्यांचे प्रमाण ४ टक्क्यांपर्यंत वाढताना, दर टक्क्यामागे साधारण ७ टक्क्यांनी घटते. म्हणून केवळ ताणचाचणीवर समाधान न मानता थरांमधली ही पकड तपासणारी आखूड तुकड्याची वाकचाचणीही करावी. ऑटोक्लेव्हचा (उष्णता आणि दाब देणाऱ्या बंद भट्टीचा) दाब रेझिन घट्ट होण्यापूर्वीच द्यावा. नंतर तो पोकळ्या दाबू शकत नाही.