एमआरआय असताना फिजिओथेरपिस्ट वाकायला, चालायला का लावतात?

तुम्ही विचारलंय, ‘रिपोर्टमध्ये डिस्क बल्ज (मणक्यांमधली गादी फुगणं) आलंय, कळ पोटरीपर्यंत जाते, तरी फिजिओथेरपिस्टने फिल्म बाजूला ठेवून मला टाचांवर चालायला लावलं. कंबरदुखीचा प्रकार असा कळतो का?’

बहुतेक वेळा असाच कळतो. मी सोलापुरात फिजिओथेरपिस्ट आहे. कंबर अजिबात न दुखणाऱ्यांचे एमआरआय काढले तरी विशीतल्या सुमारे ३० टक्के आणि पन्नाशीतल्या सुमारे ६० टक्के लोकांत गादी फुगलेली दिसते. मग नुसत्या रिपोर्टवरून उपचार कसे ठरवायचे?

शहराच्या पूर्व भागात विड्या वळणाऱ्या बायका तासन्‌तास मांडी घालून, पुढे वाकून बसतात. उठताना कंबर धरते, थोडं चाललं की मोकळी होते, दुखणं कंबरेतच राहतं. सर्वांत जास्त आढळतं ते हेच. साठी ओलांडलेला यंत्रमाग कामगार वेगळं सांगतो: चाललं की दोन्ही पाय भरून येतात, बसलं की उतार पडतो, सायकल मात्र आरामात चालवतो. वाकल्यावर मणक्यातली अरुंद झालेली जागा जरा मोकळी होते, म्हणून. आणि एखादा तरुण पहाटे दुखण्याने जागा होत असेल, सकाळी अर्धा तास कंबर आखडलेली असेल, पडून राहिल्याने वाढून हालचालीने कमी होत असेल, तर मी त्याला सांधेविकारतज्ज्ञांकडे पाठवते. ही सांध्यांची सूज असू शकते. ‘गॅप आलाय’ म्हणून ती वर्षानुवर्षं अंगावर काढतात, याचं फार वाईट वाटतं.

तुमची कळ पायात उतरते, म्हणून नस तपासायची होती. टाचांवर चालता येत नसेल किंवा पायाचा अंगठा वर उचलताना ताकद कमी पडत असेल तर एका नसेवर संशय जातो, चवड्यांवर चालणं जमत नसेल तर तिच्या खालच्या नसेवर. उताणं झोपवून, गुडघा सरळ ठेवून पाय उचलताना ३० ते ७० अंशांच्या दरम्यान तीच कळ उठली, तर संशय आणखी बळावतो.

लघवी अडली, बैठकीची जागा बधिर झाली किंवा पायातली ताकद झपाट्याने गेली, तर व्यायाम सोडून त्याच दिवशी रुग्णालय गाठा. ताप असेल, वजन घटत असेल तरी आधी डॉक्टर. आपल्याकडे मणक्याचा क्षय विसरून चालत नाही.

व्यायाम करताना कळ कुठे सरकते ते बघून फिजिओथेरपिस्टना सांगा. पोटरीतून मांडीत, मांडीतून कंबरेत अशी ती वर येत असेल, तर कंबर थोडी जास्त दुखली तरी ती चांगली खूण आहे. खाली उतरत असेल, तर तो व्यायाम तिथेच थांबवा.