रोजच्या प्रवासाला आरामशीर आणि थोड्या कच्च्या रस्त्यालाही चालेल अशी मध्यम आकाराची एसयूव्ही कशी निवडावी?

तुमच्या प्रश्नातल्या तीन गोष्टी मला महत्त्वाच्या वाटल्या. रोज चाळीस-पन्नास किलोमीटर डांबरी रस्ता, मागच्या सीटवर पाठीचा त्रास असलेली आई, आणि महिन्यातून एकदोनदा डोंगराच्या पायथ्यापर्यंतचा दगडमातीचा रस्ता. त्यावर तुम्ही विचारलंय की फोर बाय फोर (चारही चाकांना ताकद देणारी) हवीच का आणि लॅडर फ्रेमची, म्हणजे शिडीसारख्या वेगळ्या सांगाड्यावर बॉडी बसवलेली गाडी घ्यावी का. तुमच्या गरजेला लॅडर फ्रेम लागत नाही, लो रेंजचा, म्हणजे अगदी कमी वेगात जास्त जोर देणारा गिअरही लागत नाही. लागतं ते चांगलं सस्पेन्शन, पुरेसा ग्राउंड क्लिअरन्स (गाडीचा तळ आणि जमीन यांतलं अंतर) आणि उंच साइडवॉलचे, म्हणजे रिमच्या कडेपासून रस्त्यापर्यंतची बाजू उंच असलेले टायर. टायरचा नंबर मी सगळ्यात वर लावेन.

लॅडर फ्रेम आणि मोनोकॉक (वेगळा सांगाडा नसलेली, एकसंध बॉडीची गाडी) हे दोन्ही प्रकार मी चालवले आहेत. आधी सहा वर्षं लॅडर फ्रेमची, मागे अखंड अ‍ॅक्सल असलेली गाडी होती. चढ म्हणू नका, चिखल म्हणू नका, कुठे अडली नाही. पण वडिलांचं मणक्याचं ऑपरेशन झालं आणि त्यानंतर ते माझ्या गाडीत बसायचं टाळू लागले. कारण सांगायचे नाहीत. एकदा खराब रस्त्यावर त्यांनी गाडी थांबवायला सांगितली आणि उरलेलं अंतर चालत आले. त्या दिवशी मी पहिल्यांदा मागच्या सीटवर बसून भावाला गाडी चालवायला लावली, आणि ते इतके दिवस काय सोसत होते ते कळलं. पुढे बसून, स्टिअरिंग हातात धरून ते कळत नाही, कारण खड्डा येण्याआधीच ड्रायव्हरचं अंग सावरलेलं असतं.

अखंड अ‍ॅक्सलमध्ये डावं-उजवं चाक एकाच दांड्याने जोडलेलं असतं. एक चाक खड्ड्यात गेलं की अख्खा दांडा तिरका होतो आणि गाडी आडवी हलते. सरळ वर-खाली होणारा गचका एकवेळ सोसतो, पण डोकं डावीकडून उजवीकडे फेकलं जातं तेव्हा पाठ आणि मान दोन्ही बोलायला लागतात. शिवाय डिफरन्शिअलसकट (वळणावर चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची जुळणी) तो जड अ‍ॅक्सल स्प्रिंगच्या खाली असतो. स्प्रिंगखालचं वजन जितकं जास्त, तितकं चाकाला खड्ड्यातून पटकन वर येऊन पुन्हा जमिनीला टेकणं जड जातं. लॅडर फ्रेमच्या बऱ्याच गाड्या पिकअपच्या सांगाड्यावरून आलेल्या असल्याने स्प्रिंग भरपूर वजनाच्या हिशेबाने बसवलेल्या असतात. दोघंतिघं बसलेले असताना त्या कडकच लागतात. पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) जागी कॉइल स्प्रिंग आली की फरक पडतो, पण आडवं हलणं पूर्ण जात नाही. चारही चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन असलेल्या मोनोकॉक गाडीत एक चाक आपलं आपण खड्डा झेलतं, दुसऱ्याला त्याची फारशी खबर नसते.

मोनोकॉक म्हणजे नाजूक हा समज मात्र सोडा. १९७७ साली आलेली लाडा निवा मोनोकॉकच होती, कायम फोर व्हील ड्राइव्ह आणि लो रेंजसह. १९८४ ची जीप चेरोकीही मोनोकॉकच. लँड रोव्हरनेही २०२० ची नवी डिफेंडर मोनोकॉक केली. लॅडर फ्रेमचा खरा उपयोग जड ट्रेलर ओढायला आणि वर्षानुवर्षं भरपूर माल लादून खडकाळ जागी वापरायला. तुमच्या वर्णनात यातलं काहीच नाही.

आता ड्राइव्हचं. जुन्या पद्धतीची पार्ट-टाइम फोर बाय फोर, म्हणजे हवी तेव्हाच चारही चाकं जोडायची गाडी, कोरड्या डांबरावर चारही चाकं जोडून चालवायची नसते. वळणावर पुढची आणि मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात, मधे डिफरन्शिअल नसल्यामुळे तो फरक कुठे जिरत नाही आणि सगळी ओढाताण गिअर-शाफ्टवर येते. म्हणजे रोजच्या डांबरी रस्त्यावर ती गाडी दोनच चाकांवर चालते, पावसातही. ऑल व्हील ड्राइव्ह मात्र गरज पडेल तशी ताकद आपोआप वाटते आणि ओल्या रस्त्यावरही कामी येते. तिची मर्यादाही माहीत असावी. बहुतेकांत मागच्या चाकांकडे ताकद एका क्लचमधून जाते, आणि खोल वाळूत बराच वेळ जोर लावला की तो तापतो, मग मागच्या चाकांची ताकद तुटते. वाळवंटात जाणाऱ्याला मी वेगळा सल्ला देईन, पायथ्यापर्यंत जाणाऱ्याला हे पुरतं.

याहून उपयोगाची गोष्ट म्हणजे ट्रॅक्शन कंट्रोल कितपत हुशार आहे. खाचखळग्यात तिरक्या रेषेतली दोन चाकं, म्हणजे पुढचं डावं आणि मागचं उजवं, हलकी पडतात. साध्या डिफरन्शिअलमुळे ती हवेत गरगरत राहतात आणि गाडी जागची हलत नाही. चांगली यंत्रणा फिरणाऱ्या चाकाला ब्रेक लावून ताकद जमिनीवरच्या चाकाकडे वळवते. काही गाड्यांत हे दोन सेकंदांत होतं, काहींत गाडी नुसती घुरघुरत उभी राहते. तुमच्या यादीतल्या गाड्यांचे असे व्हिडिओ शोधून बघा. माहितीपत्रकात हे कळत नाही.

ग्राउंड क्लिअरन्स २०० मिलिमीटरच्या आसपास असला की तुमचं भागेल. पण बऱ्याचदा आकडा रिकाम्या गाडीचा असतो. पाच माणसं आणि सामान भरलं की तो कमी होतो. आणि तो एकटा पुरत नाही. पुढचा बंपर किती बाहेर आलाय, पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर किती आहे, यावर गाडी टेकेल की नाही ते ठरतं. चाकांमधलं अंतर जास्त असेल तर गाडी पुढे-मागे कमी डोलते, आराम वाढतो, पण उंचवट्यावरून जाताना पोट घासतं. इथे मी आरामाच्या बाजूने झुकेन.

टायरकडे मात्र नीट लक्ष द्या, कारण शोरूममध्ये बहुतेक जण इथेच चुकतात. २३५/६५ आर १७ आणि २३५/५५ आर १९ (शेवटचा आकडा रिमचा, इंचांत) हे दोन टायर शेजारी ठेवा. दोन्हींची एकूण उंची जवळजवळ सारखी, ७४० मिलिमीटरच्या आसपास. पण पहिल्याची साइडवॉल सुमारे १५३ मिलिमीटर आणि दुसऱ्याची १२९. मोठ्या रिमचं सर्वांत वरचं मॉडेल घेतलं की खड्डा आणि तुमच्या आईची पाठ यांच्यामधलं २४ मिलिमीटर रबर आणि हवा गेली. अणकुचीदार दगडावर तोच टायर फाटायची, रिम वाकायची शक्यताही जास्त. म्हणून लहान रिमचं मॉडेल मागा, किंवा घेतानाच रिम बदलून मिळतं का विचारा. त्यासाठी पॅनोरमिक सनरूफ सोडावा लागला तरी सोडा.

नक्षीच्या बाबतीत थेट मड टेरेन (चिखलासाठीच्या) टायरकडे जाऊ नका, रोज डांबरावर त्यांचा आवाज नकोसा होतो. कंपनीचे टायर झिजेपर्यंत वापरा आणि मग सौम्य नक्षीचे ऑल टेरेन घ्या. ते थोडे जड असतात, इंधन थोडं जास्त लागतं, पण खडीवर त्यांचा भरवसा वाटतो. खराब रस्त्याला लागताना हवा ३३-३५ पीएसआयवरून २५-२६ पर्यंत उतरवली की पकडही सुधारते आणि गचकेही निम्मे वाटतात. डांबरावर परतल्यावर वेग घेण्याआधी ती पुन्हा भरायचीच, कमी हवेचा टायर वेगात तापून फाटू शकतो. त्यासाठी छोटा कंप्रेसर गाडीत कायम ठेवा.

नावं हवी असतील तर तुमच्या वर्णनाला सुबारूची फॉरेस्टर किंवा आउटबॅक सर्वांत जवळ जाते. टोयोटाची राव-फोर ऑल व्हील ड्राइव्हसह घेतली तर तीही चालेल, पण खात्री करून घ्या, कारण तीच गाडी फक्त पुढच्या चाकांवर चालणारीही मिळते. पुढे कधी अवघड वाटांची आवड लागेल असं वाटत असेल तर जीप ग्रँड चेरोकी बघा. एअर सस्पेन्शनचं मॉडेल बसायला फार सुंदर असतं, फक्त गाडी जुनी झाल्यावर त्याची दुरुस्ती महागात पडते हे धरून चाला. टोयोटाची फोररनर मला मनापासून आवडते, पण ती लॅडर फ्रेमची, मागे अखंड अ‍ॅक्सलची, म्हणून तुम्हाला सुचवणार नाही. कारण वर सांगितलंच.

टेस्ट ड्राइव्हला आईंना घेऊन जा. गुळगुळीत रस्त्यावर सगळ्याच गाड्या छान वाटतात, म्हणून आधीच जवळचा फुटका रस्ता हेरून ठेवा. ताशी पंधरा-वीसच्या वेगाने जा, एका बाजूचीच चाकं खड्ड्यातून न्या आणि तुम्ही स्वतः मागे आईंच्या शेजारी बसा. मांड्यांना शेवटपर्यंत आधार मिळतो का, गुडघे वर उचलले जातात का, चढता-उतरताना कंबर वाकवावी लागते का, ते त्यांनाच विचारा. सीटची उंची त्यांच्या कमरेएवढी असेल तर बसणं-उठणं सोपं जातं. शक्य असेल तर अर्धा-पाऊण तास मागा, पहिल्या दहा मिनिटांत कुठलीही सीट वाईट लागत नाही.

परत आल्यावर डिकीचा तळ उचलून बघा. हल्ली बऱ्याच गाड्यांत स्टेपनीच्या जागी पंक्चरचं किट किंवा बारीक स्टेपनी असते. फाटलेल्या साइडवॉलवर किटचा काही उपयोग नाही, आणि ऑल व्हील ड्राइव्हमध्ये वेगळ्या मापाचं चाक लावून लांब जाता येत नाही. पूर्ण मापाची स्टेपनी बसेल एवढी जागा तिथे आहे का, ते टेप लावून मोजा आणि बुकिंगच्या कागदावर ती लिहून घ्या.