गिअरबॉक्स एकदाच उतरवा

प्रश्न : काका, नमस्कार. माझी दीड टनी डिझेल पिकअप आहे, २०१६ सालची. १,२८,००० किलोमीटर झालेत. ओतूरहून टोमॅटो, कांदा भरून माळशेज उतरून कल्याणला, कधी वाशीला जातो. महिनाभरापासून परत येताना घाटात इंजिन नुसतं ओरडतं, गाडी ओढत नाही, आणि जळका वास येतो. गाडी रात्री उभी केली की इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधल्या भागातून तेल ठिबकतं. एक मिस्त्री म्हणतो, नुसती क्लच प्लेट टाकू, संध्याकाळी गाडी घेऊन जा. दुसरा म्हणतो, पूर्ण सेट टाका, तेल अडवणारं सील बदला, प्लेट ज्यावर टेकते ते फ्लायव्हील लेथवर न्या, तीन दिवस लागतील. ऐन सीझनमध्ये तीन दिवस गाडी उभी ठेवायची म्हणजे नुकसान. कोणाचं ऐकू?
— एक वाचक, ओतूर

उत्तर : दुसऱ्याचं ऐका. आणि शक्य असेल तर या आठवड्यातच गाडी खाली करा.

तुमच्या पत्रातली 'परत येताना' ही गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटली. ओतूरहून तुम्ही माल भरून घाट उतरता आणि चढता ते रिकामे क्रेट घेऊन. म्हणजे वजन नसतानाही क्लच घसरतोय. भरल्या गाडीने चढावर स्लिप झाला असता तर मी म्हटलं असतं, थोडं वजन कमी करा, महिनाभर निघेल. रिकाम्या गाडीला क्लच धरत नसेल तर त्यात आता काही शिल्लक नाही. एखाद्या दिवशी पावसात, धुक्यात, मागे गाड्यांची रांग लागलेली असताना ती घाटातच उभी राहील. तिथून आळेफाट्यापर्यंत ओढून आणायला जे पैसे जातील, त्यात सगळी सीलं येतील.

तरी खात्री करून घ्या. सपाट जागेवर चाकांना दगड लावा, हँडब्रेक पूर्ण ओढा, चौथा गिअर टाका, थोडी रेस देऊन क्लच सोडा. क्लच धड असेल तर इंजिन तिथल्या तिथे बंद पडतं. फिरतच राहिलं तर समजा प्लेट संपली. ही तपासणी एकदाच करायची. चारचौघांना दाखवायला पुन्हा पुन्हा केली तर उरलीसुरली प्लेटही जळते. आणि एक लक्षात ठेवा, पेडल जुळवणीत बिघडलं असेल, म्हणजे त्याला अजिबात खेळ उरला नसेल, तरी क्लच पूर्ण बसत नाही आणि असाच घसरतो. तेवढं आधी पाहून घ्या.

आता तेलाचं. तुमचा खरा प्रश्न तोच आहे, आणि पहिला मिस्त्री त्याच्याकडे काणाडोळा करतोय. गाडीखाली पांढरा पुठ्ठा घालून रात्रभर ठेवा. सकाळी त्यावरचा थेंब बोटावर घ्या. काळाकुट्ट असेल तर इंजिन ऑइल, म्हणजे क्रँकचं (इंजिनच्या मुख्य दांड्याचं) मागचं सील गळतंय. मधासारखं, चिकट, आणि नाकाशी नेल्यावर गंधकाचा उग्र वास आला तर ते गिअर ऑइल, म्हणजे गिअरबॉक्सच्या पुढच्या शाफ्टचं सील. पातळ असेल, बुळबुळीत लागत असेल तर वाटीभर पाण्यात टाका. तेल असेल तर वर तरंगेल. पाण्यात विरघळलं तर ते पेडलचा दाब क्लचपर्यंत नेणारं फ्लुइड, आणि मग क्लचचा सिलिंडर बघायचा. अजून एक जागा बघायचीच : रॉकर कव्हरचं, म्हणजे इंजिनच्या डोक्यावरच्या झाकणाचं पॅकिंग. ते गळायला लागलं की तेल इंजिनच्या पाठीवरून ओघळत बरोबर बेल हाउसिंगच्या, म्हणजे क्लचवरच्या आवरणाच्या खालून टपकतं, आणि बिचाऱ्या क्रँक सीलवर आळ येतो. गिअरबॉक्स उतरवण्याआधी इंजिनची मागची बाजू डिझेलने धुऊन, पुसून, एक फेरी मारून पाहा. ओघळ वरून आलाय का, ते लगेच दिसतं.

सीलाविषयी मी एवढा हट्ट का धरतो, ते सांगतो. एस. टी.च्या वर्कशॉपमधून बाहेर पडून मी स्वतःचं गॅरेज टाकलं, त्या पहिल्याच वर्षातली गोष्ट. दुधाची गाडी होती. मालक रोज पहाटे चार वाजता निघायचा, एक दिवस गाडी उभी राहिली तर दूध नासणार, म्हणून हात जोडून म्हणाला, आजच द्या. क्रँक सील ओलसर दिसत होतं. थेंब पडत नव्हता, नुसती ओल होती. मी पुसलं, नवी प्लेट टाकली आणि गाडी दिली. सतराव्या दिवशी ती परत आली. गिअरबॉक्स उतरवला तर प्लेटचं लायनिंग तेल पिऊन काळं पडलेलं, काचेसारखं चकचकीत. तेल प्यालेली प्लेट पेट्रोलने धुवा, पॉलिश पेपर मारा, ती पुन्हा नीट धरत नाही. नवी प्लेट माझ्या खिशातून गेली, मजुरी मी घेतली नाही, पण त्या माणसाचे दोन दिवस मला भरून देता आले नाहीत. काही शे रुपयांचं सील वाचवायला गेलो होतो. तेव्हापासून माझ्या गॅरेजमध्ये गिअरबॉक्स खाली आला की सील बदललंच जातं, मग ते कोरडं ठणठणीत का दिसेना.

कारण साधं आहे. या कामात महाग असतो तो गिअरबॉक्स उतरवण्याचा खटाटोप. प्रोपेलर शाफ्ट सोडा, स्टार्टर काढा, गिअर लिव्हर, क्रॉस मेंबर सोडा, चाळीस-पन्नास किलोचा गिअरबॉक्स खाली घ्या, पुन्हा वर चढवा. प्लेटसाठी हे करा नाहीतर सीलसाठी, कष्ट तेवढेच. म्हणून एकदाच उतरवा आणि त्याच्या आड दडलेलं सगळं त्याच वेळी उरका : प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग, फ्लायव्हीलच्या मधोमध असलेलं छोटं पायलट बेअरिंग, क्रँकचं मागचं सील, गिअरबॉक्सचं पुढचं सील. मागचं सील, जिथे शाफ्ट गिअरबॉक्सला जोडतो तिथलं, पुढे कधीही बदलता येतं. पण शाफ्ट सुटलेलाच आहे, तर तेही टाकून घ्या. शाफ्टचा क्रॉस, म्हणजे त्याचा सांधा, हातात धरून हलवून पाहायलाही हीच वेळ.

प्रेशर प्लेट चांगली दिसते, ती का बदलायची, असं लोक विचारतात. जळका वास येईपर्यंत गाडी चालवलीत ना? त्या उष्णतेने तिची स्प्रिंग मऊ पडते. डोळ्याला ते दिसत नाही, पण पकड कमी होते.

फ्लायव्हील मिस्त्रीच्या शेजारी उभं राहून स्वतः बघा. निळे-जांभळे डाग, केसासारख्या बारीक चिरा, किंवा प्लेटचे रिव्हेट टेकून पडलेल्या गोल रेघा दिसल्या तर लेथवर फेस मारून, म्हणजे वरचा भाग तासून सपाट करून घ्यायचा. चिरा खोल असतील तर फ्लायव्हील बदलायचं. तीन दिवसांतला एक दिवस या टर्नरच्या कामात जातो, आणि तो जाऊ द्यावा. खडबडीत फ्लायव्हीलवर नवी प्लेट म्हणजे खडकाळ रानात नवा फाळ. काही गाड्यांना दोन भागांचं, आत स्प्रिंग असलेलं फ्लायव्हील येतं. त्याला मात्र फेस मारत नाहीत.

सील बसवताना घाई नको. जुनं सील स्क्रू ड्रायव्हरने उचकटताना शाफ्टला एक ओरखडा गेला तरी नवं सील तिथूनच गळणार. जुनं निघालं की शाफ्ट पुसा आणि त्यावर नख फिरवा. जिथे जुन्या सीलची ओठी वर्षानुवर्षं घासली तिथे खाच पडलेली असते. नख अडकलं तर नवं सील एखाद-दोन मिलिमीटर पुढे-मागे बसवायचं, म्हणजे ओठी कोऱ्या जागेवर टेकते. हाउसिंगमध्ये तेवढी जागा मात्र हवी. बारीक स्प्रिंगवाली बाजू तेलाकडे. रबरी ओठीला बसवण्याआधी तेलाचं बोट लावा. टेफ्लॉनची ओठी असेल तर ती कोरडीच बसवतात, पाकिटावरची सूचना वाचा. हातोडीने एका कडेला ठोकू नका. सीलच्या मापाचा पाइपचा तुकडा घेऊन चारही बाजूंनी सारखं आत न्या. आणि इंजिनचा ब्रीदर, म्हणजे आतली कोंडलेली हवा बाहेर सोडणारी वाट, साफ करायला सांगा. तो तुंबला की आतला दाब वाढतो आणि नवं कोरं सीलसुद्धा तेल बाहेर फेकतं. सील टाकूनही महिन्याभरात पुन्हा गळती, अशा तक्रारींत मी सगळ्यात आधी ब्रीदर उघडतो.

बसवण्याच्या दोनच गोष्टी सांगतो, कारण मुलं तिथेच चुकतात. प्लेट मधोमध धरायला गिअरबॉक्सचा जुना शाफ्ट किंवा तशीच डमी वापरून मगच प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे आवळायचे. आणि गिअरबॉक्स शेवटच्या दोन बोटांवर अडला तर बोल्ट आवळून ओढायचा नाही, किंवा प्लेटवर लोंबकळत सोडून चहाला जायचं नाही. प्लेटचा मधला भाग वाकतो, आणि मग क्लच दाबला तरी गिअर खरखरत पडतो.

घरी पोरांना घेऊन करणार असाल तर नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली शिरू नका. चारही घोड्या लावा, बॅटरीची निगेटिव्ह तार काढा, आतली काळी धूळ हवा मारून उडवू नका. जुन्या लायनिंगमध्ये अॅस्बेस्टॉस असायचं, ते फुप्फुसात जातं. ओल्या फडक्याने पुसा.

नवा क्लच पडला की पहिले काही शे किलोमीटर हलका माल भरा. घाटात गाडी हँडब्रेकवर धरा, अर्ध्या क्लचवर नको.

प्रश्न : आमच्या भाजीच्या टेम्पोला क्लच नवा टाकला, पण पहिल्या गिअरमध्ये गाडी उचलताना सगळी थरथरते. चालत्या गाडीत काही नाही. मिस्त्री म्हणतात, बसेल हळूहळू.
— एक वाचक भगिनी, सासवड

उत्तर : ताई, दोन-तीनशे किलोमीटर वाट पाहायला हरकत नाही. त्यानंतरही थरथर राहिली तर ती आपोआप जाणार नाही. आधी इंजिन आणि गिअरबॉक्सची रबरी माउंटिंग बघायला सांगा. फाटकं माउंटिंग नेमकं असंच करतं, आणि ते गिअरबॉक्स न उतरवता बदलता येतं. ती ठीक असतील तर मिस्त्रींना सरळ विचारा, फ्लायव्हीलला फेस मारला होता का, आणि बसवताना प्लेटला ग्रीसचा किंवा तेलाचा हात लागला होता का. शाफ्टच्या दात्यांना ग्रीस अगदी नखाएवढं लागतं. जास्त झालं की फिरताना उडून लायनिंगवर जातं. यातलं काही निघालं तर ते काम त्यांच्या मजुरीत पुन्हा करून मागा, तुमचा तो हक्क आहे.

प्रश्न : क्लचचं पेडल सकाळी अर्ध्यावर जातं, दोन-तीनदा पंप केलं की ठीक होतं. क्लच प्लेट गेली का?
— एक वाचक, चाळीसगाव

उत्तर : नाही. फ्लुइडची बाटली बघा, पातळी उतरली असेल. मग पेडलच्या मागे, पायाशी, मास्टर सिलिंडरवर बोट फिरवा आणि गिअरबॉक्सजवळच्या सिलिंडरचं रबरी बूट उचकटून पाहा. ओलं सापडेल तो सिलिंडर दोषी. दोन्ही कोरडे असतील आणि पातळीही उतरलेली नसेल, तर मास्टरच्या आतला वॉशर दाब धरत नाहीये. किट किंवा नवा सिलिंडर टाका, सगळं फ्लुइड बदला, हवा काढा. बाटलीच्या झाकणावर जो ग्रेड लिहिलाय तोच घाला, इंजिन ऑइलचा एक थेंबही नको, सगळी रबरं फुगून बसतील. फ्लुइड रंगावर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा.