मसाल्याच्या ब्रँडसाठी लोगो आणि पाकिटाचं डिझाइन करून घ्यायचंय, फर्म कशी निवडू?

लोगोचे हक्क लेखी तुमच्या नावावर करून देणारी आणि खाद्यपदार्थांची पाकिटं आधी केलेली फर्म निवडा; दर नंतर बघा. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १९ नुसार हक्कांचं हस्तांतरण लेखीच लागतं. करारात मुदत लिहिली नसेल तर ती फक्त ५ वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. पुढे दुबईला माल पाठवायचा विचार असेल तर हे आत्ताच लिहून घ्या. त्या फर्मनं केलेलं एखादं पाकीट दुकानातून विकत आणा आणि एफएसएसएआयचा (अन्न सुरक्षेचं सरकारी प्राधिकरण) परवाना क्रमांक, शाकाहाराचं हिरवं चिन्ह, देवनागरी अक्षरं नीट वाचता येतात का ते बघा. संगणकाच्या पडद्यावर सगळंच देखणं दिसतं. नुसता लोगो हवा असेल तर एखादा फ्रीलान्सरही पुरेल, पण करार त्याच्याशीही असाच करा.