माशांच्या दोन फुटी टाकीत कोण कोणासोबत?

भाऊ, गोल्डफिश आणि फायटर (बेट्टा मासा) एकत्र नकोच. गोल्डफिशला थंड पाणी अन् मोठी जागा लागते. फायटर तर गप्पीची झुपकेदार शेपटी पाहून तिच्यावर तुटून पडतो. मी एंजलफिशसोबत टायगर बार्ब मासे ठेवले होते. आठवड्यात एंजलचे लांब पर कुरतडले गेले, फार वाईट वाटलं.

आपल्या जळगाव-भुसावळकडे बोअरचं पाणी जड (जास्त क्षारांचं) असेल तर गप्पी, प्लॅटी घ्या. निऑन टेट्राला मऊ, कमी क्षारांचं पाणी मानवतं. गप्पी-प्लॅटीत एका नराला 2-3 माद्या हव्यात, नाहीतर नर त्यांना दमवतात. मे महिन्यात पारा 44 वर गेला की गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, म्हणून 50 लिटरला 8-10 लहान मासेच ठेवा, एअर पंप रात्रीही चालू. गप्पी-प्लॅटीला पिल्लं होतीलच, त्यांची सोय आधी बघा.